ब्रँडेड रील की स्वस्तातलं: जास्तीचे पैसे कुठे जातात आणि निवड कशी करायची

मासेमारीच्या ब्रँडेड रीलला, म्हणजे रॉडवर बसवून दोरी गुंडाळायच्या यंत्राला, जास्त पैसे मोजावेत का? माझं उत्तर असं: मधल्या दर्जापर्यंत मोजावेत. त्याच्या वर जाण्याची गरज फार थोड्यांना असते. त्याच्या खालचं रील चालेल की नाही, हे त्यावर कोणाचं नाव आहे यापेक्षा तुम्ही ते कोणत्या पाण्यात आणि कोणत्या माशासाठी वापरणार यावर ठरतं. नावाला किंमत आहे, पण माझ्या मते दोनच गोष्टींसाठी. एक म्हणजे एकाच मॉडेलची दहा रीलं घेतली तर दहाही सारखी निघतात, आणि दुसरं म्हणजे पुढे सुटा भाग मिळतो. बाकी जवळजवळ सगळं तुम्ही स्वतः, हाताने आणि एका साध्या ताणकाट्याने (ओढ किलोत दाखवणाऱ्या काट्याने) तपासू शकता. ते कसं, हेच पुढे सांगतो.

आधी दर्जांचा अंदाज. मोठ्या कंपनीच्या सगळ्यात साध्या रीलची किंमत एक धरली, तर तिचंच मधलं रील साधारण तीन ते सहा पटीला पडतं आणि सगळ्यात वरचं वीस पटींच्याही पुढे जातं. म्हणजे ‘ब्रँडेड’ या एका शब्दात फार मोठा पट्टा येतो. शिमानो या जपानी कंपनीचं साधं सिएना आणि शिमानोचंच सगळ्यात वरचं स्टेला यांच्यात नाव सोडलं तर फारसं काही सारखं नाही. त्यामुळे ‘ब्रँडेड की स्वस्त’ असं विचारण्याआधी ‘ब्रँडचं कोणतं’ हे विचारायला हवं.

पहिली पायरी: रील कुठे वापरणार ते आधी ठरवा

दुकानात जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा: गोडं पाणी की खारं, मासा साधारण किती किलोचा, दोरी किती किलोची, आणि एका दिवसात किती वेळा फेकणार. चौथ्या मुद्द्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही, पण माझ्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. तरंगणी लावून, आमिष टाकून बसणाऱ्याचं रील दिवसभरात मोजक्या वेळा फिरतं. लूर (खोटं आमिष) फेकणारा माणूस त्याच दिवसात शेकडो वेळा फेकतो आणि प्रत्येक वेळी पूर्ण दोरी गुंडाळतो. एकाच रीलवर पडणारा भार या दोघांच्या हातात कित्येक पटींनी वेगळा असतो. पहिल्याचं स्वस्त रील वर्षानुवर्षं टिकतं. दुसऱ्याच्या हातात तेच रील एका हंगामात खरखरायला लागतं. दोघांनी आपापला अनुभव सांगितला तर दोघंही खरं बोलत असतात, म्हणूनच या विषयावरचे वाद कधी संपत नाहीत.

रीलचा प्रकारही इथेच ठरवा. या लेखात मी मुख्यतः स्पिनिंग रीलबद्दल बोलतोय, कारण बहुतेकांचं पहिलं रील तेच असतं. स्पूल, म्हणजे दोरी साठवणारी फिरकी, जागेवर ठेवून त्याभोवती दोरी गुंडाळायची, या रचनेचं पेटंट इंग्लंडमधल्या अल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली घेतलं. म्हणजे मूळ यंत्रणा शंभर वर्षांहून जुनी आहे आणि ती आज कोणीही बनवू शकतो. स्वस्त स्पिनिंग रील म्हणूनच कामचलाऊ तरी निघतं.

बेटकास्टिंग रीलचं तसं नाही. त्यात फेकताना स्पूल स्वतः फिरतं, आणि ते दोरीपेक्षा जरा जास्त वेगाने फिरलं की दोरीचा गुंता होतो. तो आवरायला स्पूल तोलात असावं लागतं आणि चुंबकाचा किंवा केंद्रोत्सारी बलावर चालणारा ब्रेक नेमका लागावा लागतो. अगदी स्वस्त बेटकास्टिंग रील नवख्याच्या हातात देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फ्लाय रीलची (कीटकासारखं हलकं आमिष फेकायच्या रॉडवरच्या रीलची) गोष्ट नेमकी उलटी: लहान माशांसाठी ते दोरी साठवण्यापुरतंच असतं, तिथे साधं रील घ्या आणि वाचलेले पैसे दोरीवर घाला.

दुसरी पायरी: खोक्यावरचे आकडे वाचायला शिका

सगळ्यात मोठ्या अक्षरांत बेअरिंगची संख्या असते. ‘१२+१’ यातला तो ‘+१’ म्हणजे हँडल उलटं फिरू न देणारा एकेरी क्लच. उरलेल्या बारांपैकी खरोखर कामाचे चार: मुख्य गिअरच्या दोन्ही बाजूंना एकेक, पिनियनला (मुख्य गिअरने फिरणाऱ्या छोट्या गिअरला) एक आणि लाइन रोलरला (दोरी वळवणाऱ्या छोट्या चाकाला) एक. या चार जागी चांगलं, गंज न धरणारं बेअरिंग असलं की रील उत्तम चालतं. बाकीची हँडलच्या मुठीत आणि इकडेतिकडे बसवून आकडा फुगवता येतो. ‘४+१’ लिहिलेलं चांगल्या कंपनीचं रील ‘१२+१’ लिहिलेल्या अनोळखी रीलपेक्षा सरस निघतं ते यामुळेच. एबेक हा मानांकही काही खोक्यांवर ठळक छापलेला असतो. तो बेअरिंगच्या मापातला नेमकेपणा सांगतो. पोलाद कोणतं, गंज धरेल की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

दुसरा आकडा कमाल ड्रॅगचा. ड्रॅग म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरी बेताने सुटू देणारा ब्रेक. २५०० आकाराच्या रीलवर ‘१२ किलो ड्रॅग’ छापलेलं असलं तरी त्या रीलवर तुम्ही चार-पाच किलोची दोरी भरणार आणि ड्रॅग लावणार सव्वा ते दीड किलोवर. बारा किलोचा ताण खरंच आला, तर दोरी तुटेल, नाहीतर रॉड मोडेल, नाहीतर रीलचा रॉडवर बसणारा दांडा वाकेल. कमाल ड्रॅगचा आकडा फक्त मोठ्या समुद्री माशांच्या रीलसाठी महत्त्वाचा, आणि तिथेही तो ताण रीलचं शरीर वाकू न देता पेलतं का, हे बघावं लागतं.

गिअरचं गुणोत्तर मात्र नीट वाचा, कारण त्यावरून दर फेऱ्याला किती दोरी आत येईल ते कळतं. भरलेल्या स्पूलचा व्यास ५० मिलिमीटर असेल तर एका वेढ्यात साधारण १५.७ सेंटिमीटर दोरी बसते. ५.२ गुणोत्तर (हँडलच्या एका फेऱ्यात दोरीचे ५.२ वेढे) असलं तर एका फेऱ्यात सुमारे ८२ सेंटिमीटर, आणि ६.२ असलं तर सुमारे ९७ सेंटिमीटर. जास्त गुणोत्तर म्हणजे वेग जास्त आणि जोर कमी. खोल पाण्यातून जड काही ओढायचं असेल तर कमी गुणोत्तर घ्या.

आकाराचे २५००, ४००० हे आकडे कंपनीगणिक बदलतात. शिमानो आणि दाइवा या कंपन्यांचे आकडे आता बरेच जवळपास आले आहेत, पण पेन या कंपनीची मोजणी वेगळी चालते. म्हणून आकड्यावर न जाता कोणत्या जाडीची किती मीटर दोरी मावते, ते बघा.

तिसरी पायरी: हातात घेऊन तपासा

काउंटरवर उभं राहून हे सगळं पाच-सात मिनिटांत होतं. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

रील दांड्याला धरून हँडल सावकाश फिरवा, जोरात नाही. वेगात फिरवलं की सगळीच रीलं गुळगुळीत वाटतात. गिअरचे दात एकमेकांवर कसे बसतात ते सावकाश फिरवतानाच बोटांना कळतं. बारीक, एकसारखी टकटक जाणवली तर गिअर ओबडधोबड आहे. मग हँडल झटक्यात थांबवून मागे ढकला. जराही मागे जाता कामा नये. मागे जाऊन मग अडकत असेल तर मासा लागला की प्रत्येक वेळी तिथे दणका बसणार आणि एकेरी क्लच लवकर जाणार.

आता एका हाताने दांडा घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने रोटर (स्पूलभोवती फिरणारा भाग) हलकेच बाजूला दाबा. दांड्यापाशी लवचिकपणा दिसतो का? दिसत असेल तर ताण आल्यावर आतला मुख्य गिअर आणि पिनियन एकमेकांपासून किंचित दूर सरकणार, आणि दात झिजायला तिथूनच सुरुवात होते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. प्लॅस्टिकसारखं दिसणारं शरीर म्हणजे वाईट, असं नाही. शिमानोचं सीआय फोर प्लस आणि दाइवाचं झायॉन ही कार्बन तंतू घातलेली मिश्रणं महाग रीलांमध्येही वापरतात. ती हलकी असतात आणि खाऱ्या पाण्याने गंजत नाहीत. उलट हलक्या प्रतीच्या धातूवर रंगाचा पातळ थर दिलेला असेल तर तो उडाला की पांढरी भुकटी दिसायला लागते. शरीर कशाचं आहे यापेक्षा ते वाकतं का, हे बघा.

बेल, म्हणजे स्पूलवरची दोरी अडवणारी तारेची कमान, उघडून हाताने बंद करा. ती ठाम आवाजात बसली पाहिजे, अर्धवट लटकायला नको. पुढची तपासणी फार कमी लोक करतात, पण मी ती कधीच सोडत नाही. लाइन रोलरवरून दोरीचा तुकडा घ्या, दोन्ही टोकं ताणून पुढे-मागे ओढा. रोलर फिरला पाहिजे. तो फिरत नसेल तर ब्रेडेड (धागे विणून केलेली) दोरी त्याच जागी घासत राहते, रोलरवर खाच पाडते आणि मग ती खाच दोरी कापत राहते. मोनो (एकाच धाग्याच्या) तंगुसाला त्याच घर्षणाने पीळ पडतो. चांगलं रील आणि वाईट रील यांच्यातला फरक पुष्कळदा या लहानशा भागात असतो.

शेवटी हँडल कसं बसवलंय ते बघा. स्वस्त रीलांमध्ये बहुधा षटकोनी दांडा आरपार घालून दुसऱ्या बाजूने स्क्रू कसलेला असतो. तो कालांतराने खुळखुळतो. हँडल थेट गिअरमध्ये फिरवून कसलं जात असेल तर तो खुळखुळाट राहत नाही.

चौथी पायरी: ड्रॅग ताणकाट्यावर मोजा

या पायरीवर घाई करू नका. रीलच्या किमतीतला सगळ्यात खरा फरक इथे दिसतो.

ड्रॅग म्हणजे एकमेकांवर दाबलेल्या चकत्या. थांबलेली वस्तू हलवायला लागतो तो जोर, ती हलत ठेवायला लागणाऱ्या जोरापेक्षा सहसा जास्त असतो. ड्रॅगमध्ये या दोन जोरांत जितकं अंतर कमी, तितका ड्रॅग चांगला. स्वस्त रीलात बहुतेकदा कोरड्या किंवा नीट तेल न लावलेल्या फेल्टच्या चकत्या असतात. त्या आधी चिकटून राहतात आणि मग एकदम सुटतात. चांगल्या रीलात कार्बनच्या चकत्या किंवा नीट वंगण दिलेलं फेल्ट असतं.

घरी हे असं मोजा. रील रॉडवर लावा, पण दोरी कड्यांमधून ओवू नका, सरळ स्पूलवरून घ्या. टोकाला ताणकाटा लावा आणि सावकाश, एकसारखं ओढा. स्पूल सुटतं त्या क्षणी काटा किती दाखवतो ते बघा. मग ओढत राहा आणि सतत सरकताना किती दाखवतो ते बघा. ड्रॅगची गुंडी फिरवून सरकतानाचा आकडा दोन किलोवर आणा आणि पुन्हा सुरुवातीचा आकडा घ्या. असं आठ-दहा वेळा करा. नंतर ड्रॅग तसाच कसून रात्रभर ठेवा आणि सकाळी पहिलीच ओढ मोजा. ही सकाळची पहिली ओढ रीलचा खरा स्वभाव सांगते, कारण दिवसातला पहिला मोठा मासा नेमका अशाच थांबलेल्या ड्रॅगवर धावतो.

आता हिशेब बघा. तुमची दोरी सहा किलोची आहे. गाठ मारली की दोरीची ताकद कमी होते. ती सत्तर टक्के उरली असं धरलं तर गाठ ४.२ किलोला सुटणार. ड्रॅग दोरीच्या तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे दोन किलोवर लावलाय. चांगल्या रीलात सुरुवातीचा धक्का सव्वादोन-अडीच किलोचा असेल. काही होत नाही. पण एखाद्या रीलात तो धक्का चार किलोपर्यंत जात असेल तर मासा पहिल्यांदा जोर लावतो त्या क्षणीच तुम्ही गाठीच्या टोकाशी पोचलात.

त्यात मासा दोरी घेऊन पळाला की स्पूलचा व्यास कमी होतो. चकत्यांचं घर्षण तेवढंच राहतं, पण दोरी आता कमी त्रिज्येवरून ओढली जात असते, म्हणून ताण वाढतो. ५० मिलिमीटर व्यासावर दोन किलो असलेला ड्रॅग ३५ मिलिमीटरवर जवळजवळ २.८६ किलो होतो, आणि वाकलेल्या रॉडच्या कड्यांचं व पाण्यातल्या लांब दोरीचं घर्षण वेगळंच. हे गणित महागातल्या महाग रीललाही चुकत नाही, म्हणून ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यात ठेवायचा. स्वस्त रीलात मात्र हा वाढलेला ताण आणि चिकटलेल्या चकत्यांचा धक्का एकत्र येतात, आणि मासा तिथेच सुटतो.

स्वस्त रीलाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. बऱ्याच रीलांचा ड्रॅग फक्त चकत्या बदलून सुधारतो. बरोबर मापाच्या कार्बन चकत्या मिळाल्या, त्यांना ड्रॅगसाठीच्या ग्रीसचा अगदी पातळ हात दिला, की सुरुवातीचा धक्का स्पष्टपणे कमी होतो. बाकी शरीर आणि गिअर ठीक असेल तर हा खर्च नक्की करावा.

पाचवी पायरी: आत काय आहे ते जाणून घ्या

दुकानात रील उघडता येणार नाही, पण कंपनीने दिलेल्या माहितीत मुख्य गिअर कोणत्या धातूचा आहे ते बघा. साच्यात ओतलेला जस्ताचा गिअर स्वस्त असतो आणि हलक्या कामाला पुरतो. सततच्या ताणाखाली त्याचे दात झिजतात. अॅल्युमिनियम थंड अवस्थेत दाबून घडवलं की ते जास्त घट्ट आणि टिकाऊ होतं. शिमानो ‘हागाने’ या नावाने ज्या गिअरची जाहिरात करतं तो याच पद्धतीने बनतो, आणि त्यामागे कंपनीचा इतिहास आहे. १९२१ साली जपानमधल्या साकाई शहरात सायकलच्या फ्रीव्हीलपासून सुरू झालेली ही कंपनी धातू घडवण्यात मुरल्यावर १९७० मध्ये मासेमारीच्या सामानाकडे वळली. मधल्या दर्जाच्या रीलात तुम्ही जे जास्तीचे पैसे देता त्यांतला मोठा वाटा या गिअरमध्ये जातो, आणि लूर फेकणाऱ्याला तो वसूल होतो.

स्पूल वर-खाली हलवणारी यंत्रणाही दोन प्रकारची असते. साधी कॅमची यंत्रणा स्वस्त आणि दणकट. मोठ्या रीलांमध्ये कंपन्या ती मुद्दाम वापरतात. वर्म शाफ्टची (स्क्रूसारखे आटे असलेल्या दांड्याची) यंत्रणा दोरी जास्त एकसारखी बसवते. लांब फेकायचं असेल तर वर्म शाफ्ट बघा, नाहीतर याची चिंता करू नका.

खाऱ्या पाण्यासाठी वेगळा विचार

समुद्रावर माझं मत बदलतं. गोड्या पाण्यात स्वस्त रील झिजून मरतं, खाऱ्या पाण्यात ते गंजून मरतं, आणि गंज वापराचे दिवस मोजत नाही. एकदा मीठ बेअरिंगमध्ये शिरलं की रील कपाटात पडून असलं तरी खराब होत राहतं. इथे पाणी आत जाऊ नये म्हणून सील असलेलं रील घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं नव्हे.

सील किती पक्का, याचं माप आयपीएक्स क्रमांकावरून कळतं. आयपीएक्स ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल, ६ म्हणजे जोरदार झोत, आणि ८ म्हणजे एक मीटरहून खोल बुडवलं तरी, कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत, पाणी आत जाणार नाही. पेनचं स्पिनफिशर सिक्स आयपीएक्स ५ दर्जाचं आहे आणि स्लॅमर फोर आयपीएक्स ६. खडकावर लाटांचे तुषार झेलत उभं राहणाऱ्याला हा फरक कळतो. होडीतून मासेमारी करणाऱ्याला कमी संरक्षण पुरतं. सीलमुळे रील फिरायला थोडं जड लागतं, आणि दुकानात त्यामुळे ते स्वस्त रीलापेक्षा ‘कमी गुळगुळीत’ वाटू शकतं. तेवढ्यावरून ते नाकारू नका.

दाइवाच्या मॅगसील्ड रीलात चुंबकाने जागेवर धरलेलं तेल पाणी अडवतं. कल्पना सुंदर आहे, पण त्या जागी घरचं तेल घातलं की ते खास तेल बिघडतं. स्वतःचं रील स्वतः उघडून साफ करायची आवड असेल तर असं रील घेण्याआधी विचार करा.

नाव कोणाचं, कारखाना कोणाचा

नावावर किती विसंबायचं? पेन १९३२ साली फिलाडेल्फियात ओटो हेन्झे यांनी सुरू केली. आबू (आजची आबू गार्सिया) १९२१ साली स्वीडनमधल्या स्वेंगस्टा इथे घड्याळांच्या कारखान्यापासून सुरू झाली, आणि १९५२ मध्ये तिने अँबॅसडर हे बेटकास्टिंग रील आणलं. मिचेल फ्रान्समधल्या क्लूज गावची. आज पेन, आबू गार्सिया, मिचेल, फ्लुगर आणि शेक्सपिअर ही पाचही नावं प्युअर फिशिंग या एकाच कंपनीकडे आहेत. ओकुमा तैवानची. शिमानोची रीलं जपानबरोबर मलेशियातही बनतात. तेव्हा जुन्या नावाचं रील म्हणजे जुन्याच कारखान्यातलं, जुन्याच दर्जाचं, असं धरून चालू नका. आणि ‘अमुक देशात बनलंय म्हणून वाईट’ हेही सोडा. मोठी कंपनी स्वतःच्या देखरेखीखाली बाहेर बनवते तेव्हा दर्जा मॉडेलच्या किमतीप्रमाणे ठरतो.

अनोळखी स्वस्त नावांची अडचण वेगळी आहे. चीनमधल्या एकाच कारखान्यातून निघालेलं एकच रील तीन-चार वेगळ्या नावांनी आणि रंगांनी विकलं जातं. त्यातलं एखादं छान निघतं, पण पुढच्या खेपेला त्याच नावाखाली आतलं सामान बदललेलं असू शकतं. मित्राचं रील चांगलं चाललं म्हणून तुमचं चालेलच, हे इथे सांगता येत नाही. ब्रँडच्या रीलात तुम्ही पैसे देता ते या खात्रीचेही.

सहावी पायरी: सुट्या भागांची चौकशी करा

पैसे देण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: या मॉडेलची बेलची स्प्रिंग आणि लाइन रोलर मिळतो का? उत्तर गोलमोल आलं तर ते रील दुरुस्तीचं नाही, मोडलं की टाकायचं आहे असं समजा. मोठ्या कंपन्या प्रत्येक मॉडेलची सुट्या भागांची आकृती देतात, प्रत्येक भागाला क्रमांक असतो. पेनच्या कित्येक जुन्या मॉडेलांचे भाग अजून मिळतात, म्हणून ती रीलं बापाकडून मुलाकडे जातात. मॉडेल बंद झालं की काही वर्षांनी भागही बंद होतात, त्यामुळे नुकतंच बंद होत असलेलं मॉडेल सवलतीत घेताना एक बेलची स्प्रिंग, एक रोलर आणि ड्रॅगच्या चकत्या आधीच घेऊन ठेवाव्यात.

मग हिशेब असा करा: रीलच्या किमतीतून शेवटी विकून येणारी रक्कम वजा करा, उरलेल्या रकमेला ते टिकेल इतक्या हंगामांनी भागा, आणि त्यात दर हंगामाचा दुरुस्तीखर्च मिळवा. चौपट किमतीचं रील सहा हंगाम चाललं आणि स्वस्तातलं दर हंगामाला बदलावं लागलं, तर महागडंच स्वस्त पडलं. पण तुम्ही वर्षातून मोजक्या वेळा तळ्यावर जात असाल तर हेच गणित स्वस्ताच्या बाजूने झुकतं. स्वतःचे आकडे घालून बघा, दुसऱ्याचे नाही.

कोणी काय घ्यावं

गोड्या पाण्यात तरंगणीवर, लहान-मध्यम माशांसाठी: मोठ्या कंपनीचं साधं रील. अनोळखी नावाचं ‘बारा बेअरिंगवालं’ नको. उरलेले पैसे चांगली दोरी आणि धारदार गळ यांच्यावर घाला, मासे त्याने वाढतील.

दिवसभर लूर फेकणाऱ्यांसाठी मधल्या दर्जाचं रील. इथे मी तडजोड करणार नाही. वरच्या मॉडेलांतलं तंत्र काही वर्षांनी मधल्या मॉडेलांत उतरतंच, त्यामुळे आजचं चांगलं मधलं रील पूर्वीच्या महागड्या रीलाशी बरोबरी करू शकतं.

समुद्रकिनारा आणि खडक: सील असलेलं मधलं रील, अॅल्युमिनियमच्या किंवा दणकट कार्बनमिश्रित शरीराचं. खोल समुद्रात मोठ्या, जोरदार पळणाऱ्या माशांवर जायचं असेल तर मात्र शिमानोचं स्टेला एसडब्ल्यू किंवा दाइवाचं सॉल्टिगा यांसारख्या रीलांची किंमत समजण्यासारखी आहे. तिथे दहा-पंधरा किलोचा ताण मिनिटन् मिनिटं पेलायचा असतो, ड्रॅग तापतो, आणि दांडा वाकून चालत नाही. त्याच रीलने तळ्यात लहान मासे पकडायला कोणाला आनंद होत असेल तर जरूर घ्यावं, पण त्याने जास्त मासे लागणार नाहीत.

तीन ते सहा पट पैसे एकदम काढता येत नसतील तर वापरलेलं मधलं रील नव्या स्वस्त रीलापेक्षा चांगलं. घेताना स्पूल काढून खालचा दांडा बघा, मिठाची पांढरी भुकटी दिसली तर नको. स्क्रूंच्या खाचा चेपलेल्या असतील तर कोणीतरी अंदाजाने उघडलेलं आहे. दोरी ओढून ताण देऊन हँडल फिरवा, कारण झिजलेला गिअर मोकळा फिरताना गप्प असतो आणि ताणाखाली खरखरतो. नवं रील नेहमीच्या भावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर ते नकली नाही ना, याची खात्री करा: घरच्या वजनकाट्यावर ठेवून कंपनीने जाहीर केलेल्या वजनाशी ताडून बघा. नकली रीलाचं वजन सहसा जुळत नाही, आणि दांड्यावरचा क्रमांक पुसट किंवा गायब असतो.

घेतल्यानंतर

खाऱ्या पाण्यावरून आल्यावर ड्रॅग कसून घ्या, म्हणजे चकत्यांत पाणी जाणार नाही, आणि गोड्या पाण्याच्या मंद धारेखाली धुवा. जोरदार झोत मारू नका, तो मीठ आत ढकलतो. पुसून सावलीत वाळवा, मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, नाहीतर चकत्या दबून चिकटतात. लाइन रोलरला, बेलच्या सांध्यांना आणि हँडलच्या मुठीला पातळ तेलाचा एकेक थेंब, गिअरला ग्रीस. एकेरी क्लचला ग्रीस कधीही लावू नका, तो घसरायला लागतो. गंज सोडवायचा स्प्रे वंगण म्हणून वापरू नका, तो आतलं ग्रीस धुऊन काढतो. फेकल्यानंतर बेल हाताने बंद करायची सवय लावा. स्प्रिंग वाचते आणि दोरीचा पीळ कमी होतो. दोरी भरताना स्पूलच्या काठाच्या दोन-तीन मिलिमीटर खालीच थांबा, आणि ब्रेडेड भरणार असाल तर आधी थोडा मोनो तंगूस गुंडाळा, नाहीतर सगळी दोरी स्पूलवरच फिरत राहील आणि ड्रॅग बिघडलाय असं तुम्हाला वाटेल.

वॉरंटीच्या काळात रील स्वतः उघडण्याआधी कार्डावरच्या अटी वाचा. खरखर किंवा मागे सरकणारं हँडल दिसलं तर त्या काळातच दुकानात परत न्या, कारण नव्या रीलातला असा दोष वापराने कमी होत नाही.